दुपारी निजायचा वर्ग

माझ्या आईला मी कधी दुपारी आडवी झालेली पाहिली नाही. कारंजा गावाजवळ एका मालकाच्या विहिरीवर आम्ही बटईनं भाजीपाला करायचो. वांगी, पालक, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, आमच्या घरात तिला दुसरं नाव नव्हतं. पहाटे तोडणी, सकाळी बाजार, दुपारी निंदण, संध्याकाळी पुन्हा जुड्या बांधणं. धाकट्या भावाच्या वेळी दिवस भरेपर्यंत आई डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जात होती. त्याच्याआधी एक मुलगी झाली होती. ती वाफ्याच्या कडेलाच झाली आणि राहिली नाही. वडिलांनी तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पुरलं. दुसऱ्या दिवशी पालक तोडायचा होता, तो तोडला. त्याबद्दल घरात पुढं कोणी बोललं नाही. मी लहान होते, पण जुड्या बांधता यायच्या, म्हणून मीही बांधल्या.

त्या घरातून मी बी.ए. झाले. माहेरच्या आणि आजोळच्या सगळ्या गोतावळ्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते फुकट झालेलं नाही. सकाळी आईजवळ बाजारात बसायचं आणि तिथूनच अंगाला सांभाराचा वास घेऊन वर्गात जायचं. मुली थोड्या सरकून बसायच्या. मी पहिल्या बाकावर बसायचे.

लग्न होऊन रिसोड तालुक्यात आले, केनवडच्या बाजूला एका गावात. सासरी स्वतःची शेती, सोयाबीन आणि तूर. शिकलेली सून आली म्हणून सासूबाई पाहुण्यांसमोर माझ्याकडून पेपर वाचून घ्यायच्या. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मुलगा होता. रडला नाही. घरी आल्यावर दूध येत होतं, ते काही दिवसांनी आटलं. मी स्वयंपाक करत होते, भांडी घासत होते, कोणी विचारलं तर उत्तर देत होते. दुःख झालं असं लिहायला पाहिजे, पण मला आठवतं ते एवढंच की भाजीत मीठ आहे की नाही, ते जेवताना मला कळायचं नाही.

त्यानंतर शेजारणीच्या ओटीभरणाला मला बोलावणं आलं नाही. पोटुशीच्या ओटीला माझ्यासारखीला बोलावत नाहीत. ते मला माहीत होतं, म्हणून मी त्या दिवशी घरात गहू निवडत बसले.

पुढच्या पावसाळ्यात गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई घरी आली. एका संस्थेला गावागावात गरोदर बायांसाठी व्यायामाचे वर्ग चालवायचे होते आणि त्यासाठी गावातलीच शिकलेली बाई पाहिजे होती. त्या बाईचं प्रशिक्षण वाशिमला होणार होतं. सोयाबीन निघेपर्यंत वर्ग चालवून पाहायचा, बाया आल्या तर पुढं, नाही तर बंद. मी हो म्हटलं. उत्साह वगैरे नव्हता. माझी दुपार रिकामी असायची, ती कुठं तरी घालवायची होती. पण एक होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच कोणाला माझ्या शिक्षणाचं काम पडलं होतं. तो वर्ग बंद पडलेला मला चालला नसता.

वाशिमहून शिकून आल्यावर समाजमंदिरात वर्ग सुरू केला. उकिडवं बसणं शिकवायची गरजच पडली नाही, निंदणाऱ्या बाईचं अर्धं आयुष्य उकिडवं जातं. हातापायांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली करायला सांगितली तर तिसऱ्या खेपेची एक बाई म्हणाली, "ताई, मी इथं सारवाले आली काय?" सगळ्या हसल्या. श्वास सावकाश सोडायला शिकवला. शेवटी सतरंजीवर डाव्या कुशीवर निजायचं, डोळे मिटून. तिथं मात्र कोणी हसलं नाही. सासू घरात असताना भर दिवसा आडवी झालेली त्यांच्यात एकही नव्हती. तीच तिसऱ्या खेपेची पडल्यापडल्या म्हणाली, "घरी निजलं तं सासू म्हन्ते आळशी. इथं निजलं तं ताई म्हन्ते शाब्बास."

मग बाया कमी होत गेल्या. व्यायाम करायच्या, पण निजायची वेळ आली की एकेकीला घर आठवायचं. दूध तापवायचं राहिलंय, पोरगं उठलं असेल. पुढं पुढं त्या यायच्याच बंद झाल्या. राहिल्या त्यांनी सरळ विचारलं, तुमच्या घरची काहून येत नाही? माझ्या धाकट्या जावेला तेव्हा पाचवा लागला होता. घरात वर्ग घेणारी बाई होती आणि घरचीच सून वर्गात नव्हती.

सासूबाई तूर पाखडत होत्या तेव्हा मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, तिले नाही पाठवत मी. मी म्हटलं, काहून? सुपातली तूर त्यांनी दोनदा झेलली आणि म्हणाल्या, "तू शिकेल हायस. तुले सांगाचं काम नाही."

मी त्याचा माझ्या परीनं अर्थ लावला. माझं पोर गेलं होतं, माझी सावली त्यांना पोटुश्या बायांवर नको होती. साऱ्या गावालाच नको होती. मी भांडले नाही. मला ते पटल्यासारखंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या समाजमंदिरात सतरंजी अंथरली, वेळ झाली तशी गुंडाळली आणि घरी आले.

जावेनं सांगितलं ते मोरीवर, भांडी विसळताना. खाली बघूनच बोलली. "ताई, राग नका मानू. तुमी साऱ्याइले उत्तरेकडे डोक्सं करून निजवता. तसं मेलेल्या मानसाले निजवतात. बायाइले भेव वाटते. मले वाटलं, तुमाले मालूम असंन. एवढं शिकल्या तुमी."

समाजमंदिराचं दार दक्षिणेला, रस्त्यावर उघडतं. निजलेल्या बाईचं तोंड रस्त्यावरून दिसू नये म्हणून मी सगळ्यांची डोकी मागच्या भिंतीकडे केली होती. मागची भिंत उत्तरेची. दिशेनं कोणाचं काही होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही मी तेच म्हणेन. पण आजोबांना खाली घेतलं तेव्हा कसं निजवलं होतं ते मी पाहिलं होतं. कोणत्याही गावातल्या बाईला जे बघताक्षणी दिसतं, ते मला इतके दिवस दिसलं नव्हतं. मला त्या काळात भिंती दिसायच्या, दिशा दिसत नव्हत्या. दवाखान्यातली माझी खाट कुठल्या बाजूला होती ते मी त्या दिवशी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मी सासूबाईंना म्हटलं, मी सतरंजी फिरवते, पण मग डोकी दाराकडे येतात आणि रस्त्यानं माणसं जातात. त्या उठल्या. हात धुऊन आल्या, पेटीतून आपलं जुनं लुगडं काढलं आणि माझ्यापुढं टाकलं. "हे बांध दाराले. नऊवार हाय, खिडकीलेही पुरते." मग जावेकडे हात करून म्हणाल्या, "ते येईन उद्यापासून. पन तू हात नको लावू तिले."

म्हणजे दिशेचंही होतं आणि माझंही होतं. मी बरं म्हटलं. वाईट वाटलं का, ते मी तेव्हा तपासून पाहिलं नाही.

घरची सून आली म्हटल्यावर बाकीच्याही आल्या. दुसऱ्या बायांची पाठ मी हातानं दाबून सरळ करायचे, जावेला दोन पावलांवरून तोंडानं सांगायचे. सगळ्यांना ते दिसत होतं. सासूबाई लुगड्याबाहेर पायरीवर राखण बसायच्या. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, आत काय चालू आहे. त्या म्हणाल्या, "पोथी चालू हाय. चपला काढ, नाही तं पुढं जाय." आतल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. सोयाबीन निघालं. वर्गात जागा कमी पडत होती, म्हणून तो पुढं चालू ठेवायचं ठरलं.

तुरीला शेंगा धरल्या तेव्हा जावेचे दिवस भरले. सकाळीच कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या गाडीत मागं आम्ही तिघी होतो. रिसोडपर्यंत रस्ता उखडलेला. वर्गात शिकलेलं ती सगळं विसरली. श्वास कोंडून, पदर दातांत धरून ताठ झाली होती. मी समोरच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते आणि श्वास सोड, श्वास सोड म्हणत होते. तिला ऐकू जात नव्हतं. सासूबाईंनी तिचे खांदे धरले होते, पण गाडी आदळली की त्यांचे हात सुटायचे.

त्या म्हणाल्या, "धर वं तिले."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पाहून काय राह्यली? मले नाही येत, तुले येते. धर."

मी उठून जावेच्या मागं बसले. कमरेवर तळहात दाबला, दुसरा तिच्या हातात दिला आणि तिच्या कानाशी मोठ्यानं श्वास सोडायला लागले. थोड्या वेळानं तीही सोडायला लागली. रिसोड येईपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही.

मुलगी झाली. रडली. सासूबाईंनी तिला आणून माझ्याजवळ दिलं आणि चहा प्यायला गेल्या. पोरीला घेतल्यावर मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. हात भरल्यासारखे झाले, एवढंच कळलं.

वर्ग बंद पडला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी भरतो. दाराला तेच लुगडं आहे आणि बाया दक्षिणेकडे डोकं करून निजतात, काही जणी घोरतातही. त्यांना शिकवणारी बाई बी.ए. आहे, आणि पोटुश्या बाईला हात लावू नको असं आता तिला घरातही कोणी म्हणत नाही.