दगडोबांची काळजी

दगडांच्या गोदामात मामांना सगळे दगडोबा म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि मामाही ओ देत. जमिनीत खोल भोकं पाडून काढलेल्या दगडी कांड्या खोक्यांत ठेवायच्या, संशोधकांनी मागितल्या की द्यायच्या, एवढीच नोकरी. ठेवायचं काम त्यांनी मन लावून केलं. द्यायचं मात्र त्यांच्या जिवावर येई.

खिडकीखालच्या खोक्यावर तर विशेष माया. काळाभोर दगड, कोणे एके काळच्या समुद्रतळाचा चिखल. तो ज्यातून काढला ते भोक केव्हाच बुजवलं होतं. तसली कांडी पुन्हा मिळणं नाही.

नेमकी तीच मागायला सख्खी भाची आली.

"मामा, एक तुकडा दे ना. आतल्या लोखंड-गंधकावरून तेव्हाच्या समुद्रात प्राणवायू किती होता ते कळेल. माझं सगळं संशोधन अडलंय."

"बघ की डोळे भरून! बघायला कुठे नाही म्हणतोय?"

"बघून कळत नाही. भुकटी करावी लागते."

"भुकटी!" मामा खोक्यापुढे आडवे झाले.

भाचीने सरळ मामीला फोन लावून गाऱ्हाणं घातलं. मामीचा आवाज गोदामभर घुमला. "अहो, घरातली धूळ कधी दिसली नाही तुम्हाला, आणि तिथे दगडांना आंघोळी घालता! द्या पोरीला!"

भाचीचा चेहरा उतरला. "मामा, तू हा दगड धुतोस?"

"दर सोमवारी. पुसतो, उघड्या खिडकीत वाळवतो. कोण राखील एवढी निगा?"

"अरे, प्राणवायू जेमतेम असलेल्या पाण्यात घडलाय हा. ओल आणि हवा लागली की आतलं लोखंड गंजतं. आता मी मोजेन तो तुझ्या खिडकीतला वारा!"

मामांनी कांडीवरून बोट फिरवलं. बोट तांबूस झालं. ही धूळ कितीही पुसली तरी येते कुठून, हे कोडं त्यांना वर्षानुवर्षं पडलं होतं. बड्या बड्या संशोधकांना त्यांनी दारातून परतवलं होतं, आणि चोर दर सोमवारी खिडकीतून येत होता. तोही त्यांनीच बोलावलेला.

"वाया गेला?" त्यांनी विचारलं.

"कापल्याशिवाय कसं सांगू?"

मामांनी स्वतःच कांडी करवतीखाली धरली. पातं फिरलं. कडेने गंजाचा जाड पापुद्रा, आणि मध्ये अंगठ्याएवढा काळा गाभा.

"काळा आहे गं!"

"पुरेल मला." भाचीने तो घाईघाईने हवाबंद पिशवीत घातला.

मामांनी दुसरी कांडी उचलून तिच्या हातात कोंबली. मग तिसरी.

"मामा, एकच हवी होती."

"नखरे करू नकोस. ने आणि भुकटी कर लवकर, हवा लागतेय त्यांना!"