ऑस्लोला निघालेली बोरं

संक्रांतीच्या चार दिवस आधी, मीनंबाक्कमच्या विमानतळाजवळ एका पॅकिंग शेडमध्ये माझी बोरं नापास झाली...

हो, बोरंच. कोयंबेडूच्या बाजारातून आणलेली, शाळेच्या फाटकाबाहेर मिळायची तसली, आंबटगोड. माझी नात ऑस्लोला असते. यंदा तिला पाच पूर्ण होतायत, आणि आमच्याकडे बोरन्हाण पाचापर्यंतच... मुलाला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचे.

आजवर तिच्या डोक्यावर नुसती चॉकलेटं पडली. म्हणजे ही शेवटची संधी. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, यंदा बोरं पडणार म्हणजे पडणार!

शेडचा मालक मुरुगेसन. तो दर आठवड्याला ऑस्लोतल्या एका तमिळ दुकानाला विमानाने शेवगा, केळफूल, छोटे कांदे पाठवतो. माझी मुलगी त्याच दुकानातून भाजी घेते, तिनेच त्याचा नंबर मिळवून दिला. पोंगलच्या मालात बोरांची एक पिशवी घालायला तो तयारही झाला... पण तपासणीत एका बोरात अळी निघाली.

"सार, या एका अळीपायी माझा सगळा शेवगा अडकेल," तो म्हणाला. "चॉकलेट पाठवा सार. पोरांना तेच आवडतं."

पिशवी मांडीवर घेऊन आवडीला, आमच्या घरी परतलो. गाडीत शाळेतली एक कविता आठवत बसलो, बोरीखाली जमलेल्या पोरांची. आधी चाल आली, मग शब्द आले, मग डोळ्यांत पाणीही आलं... वय झालं की असं होतं.

कविता गुणगुणतच घरात शिरलो. सौ.ने पिशवी बघितली आणि ती म्हणाली, "अहो, अळी नसलेली बोरं कवितेतच मिळतात."

एवढं बोलून तिने भाजीसाठी फ्रीझरमधून मटार काढले. मी त्या मटारांकडे बघतच राहिलो... बोरन्हाण काही संक्रांतीलाच करायला हवं असं नाही, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. आणि मुरुगेसनच्या शेडमधून खोवलेला नारळ गोठवून जातो, हे मी स्वतः पाहिलं होतं. मग बोरांनी काय घोडं मारलंय?

लगेच फोन लावला. तो हसला. गोठवलेल्या मालात सुटी पिशवी घेत नाहीत, अख्खं कार्टन भरावं लागतं, म्हणाला. "दहा किलो बोरं तिथे कोण खाणार, सार?"

"तुम्ही लहानपणी नाही खाल्लीत?"

"खाल्ली, सार. मीठ-मिरची लावून."

"मग तिथल्या दुकानदारालाही हेच विचारा."

दुकानदार हो म्हणाला!

मग आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी शेडमधल्या बायकांबरोबर बोरं निवडायला बसलो. जरा भोक दिसलं की बोर बाहेर. मी आपला कविता गुणगुणत होतो, तर शेजारची सेल्वी मला आजोबा करून म्हणाली, "तात्ता, गाणं छान आहे... पण हात चालू द्या." आमच्या सौ.ला एवढं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

धुतलेली बोरं ब्लास्ट फ्रीझरमध्ये गेली आणि बाहेर आली ती गोट्यांसारखी खणखणत. थर्माकोलच्या पेटीत भोवती ड्राय आइस रचून ती विमानात बसली. बर्फातून निघून बर्फाच्या गावाला...

शनिवारी मुलीचा फोन. "बाबा, बोरं संपली."

झालं असं, की दुकानदाराने आमची दोन पाकिटं बाजूला काढून ठेवली होती. पण गल्ल्यावर त्याचे सासरे बसले होते, त्यांनी तीही विकली! कितीतरी वर्षांनी बोरं दिसली म्हणून तिथे स्थायिक झालेली जाफन्याची, मदुराईची माणसं तुटून पडली होती.

"जाऊ दे" अगदी ओठांवर आलं होतं... पण ते बोललो नाही. म्हटलं, "कोणी कोणी नेली ते दुकानदाराला विचार. त्यांच्याकडून मागून घे."

"बाबा, लोकांकडे बोरं मागत फिरू?"

"फिर. पोरीच्या बोरन्हाणासाठी मागायला लाज कसली?"

"तुम्ही ना बाबा..." म्हणत तिने फोन ठेवला. पण दुकानाच्या ग्रुपवर तिने मेसेज टाकला.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. मला वाटलं होतं, मूठ-दोन मूठ बोरं जमली तरी पुष्कळ. बघतो तर दारात बुटांची रांग... जाड कोट घातलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात डबा नाहीतर पाकीट. सोबत त्यांची पोरंही. कोणी आमच्या ओळखीचं नाही, कोणी कधी बोरन्हाण पाहिलेलं नाही.

मुलीने सगळं समजावून सांगितलं. जाफन्याच्या एका आजींनी पहिली ओंजळ ओतली, मग सगळ्यांनीच ओतली. वितळून बोरं थोडी मऊ पडली होती, पण पोरांना त्याचं काय! काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने घातलेली माझी नात मधोमध बसून ओरडत होती, "अजून! अजून!"

मुरुगेसन, सेल्वी, आणि नाव माहीत नसलेल्या त्या आजी... तुमचे आभार कोणत्या भाषेत मानू?

नातीच्या वाट्याला किती बोरं आली? फक्त दोन. ती बिचारी पाटावर, आणि बाकीची पोरं चपळ... एक तिने खाल्लं. दुसरं फोनपुढे धरून म्हणाली, "आजोबा, आ करा."

मी इथे आवडीत बसून आ केला... शपथ सांगतो, आंबटगोड होतं.