मागच्या सीटवर

साखरपुडा झाल्यावर तिला नळदुर्गचा किल्ला दाखवायला मी धाराशिवहून भाड्याची गाडी केली. घरी दोघांना निवांत बोलायला जागा नव्हती. काचा वर गेल्या की गाडी म्हणजे आपलीच खोली, असं मला वाटलं.

ड्रायव्हर साठीतला होता. दाढीला मेंदी, आणि गियरही आवाज न करता टाकायची सवय. आम्ही मागं बसताच त्यानं आरसा छताकडं वळवला. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावला आणि तिच्याजवळ सरकलो. हात सोडवत ती हळूच म्हणाली, "नको ना."

"इथं कोण बघतंय?" म्हणत मी तिला पुन्हा ओढलं. ती पुन्हा तेच म्हणाली.

तुळजापूर मागं पडल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली. मागं न बघता म्हणाला, "आरसा वळवला म्या साहेब, पण कान कुठं वळवू? बेटी दोनदा नको म्हणली."

ती उतरून पुढच्या सीटवर जाऊन बसली. माझी मान वर होईना. त्याचं नाव विचारायचीही हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही.

थोड्या वेळानं तो तिला आपल्या नातीच्या खोड्या सांगू लागला, आणि ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.