तुकड्याचा अख्खा पाव

ऐंशीच्या दशकात पार्ल्याच्या गावठाणात आमच्या शेजारी एक अंकल राहायचे. तरुणपणी पाद्री व्हायला गेले, तिथं बायबलची जुनी ग्रीक शिकले आणि लग्न करायचं म्हणून परत आले. संध्याकाळी ओट्यावर चहाबरोबर पाव मोडला की पहिला तुकडा ते मला द्यायचे.

एकदा त्यांचा पुतण्या ग्रीक बोटीवरून सुट्टीवर आला. अंकलनी विचारलं, "तिथं पावाला काय बोलतात रे?"

"प्सोमी."

अंकल म्हणाले, "माझ्या ग्रीकमध्ये तो नुसता तुकडा. येशूने शेवटच्या जेवणात दगा देणाऱ्या जुदासला दिला तो. दोन हजार वर्षांत लोकांनी त्याचा अख्खा पाव केला."

त्यानंतर त्यांनी मला कधी तुकडा दिला नाही. डब्यात एकच पाव असला तर तो अख्खा माझ्या हातात यायचा, आणि अंकल नुसता चहा प्यायचे.