मासे तळणारे शाकाहारी काका

तळणाच्या दुकानात बसलं की कपड्यांना वास लागतो आणि कानांना किस्से. वास एका धुण्यात जातो, किस्से साचत राहतात.

श्रूजबरीतलं आमच्या भागातलं फिश अँड चिप्सचं जुनं दुकान दिलीपकाका आणि सुलभाकाकूंनी घेतलं, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. काकू अलिबागच्या, माशांवर जीव. काका नाशिकचे, अंडंसुद्धा न खाणारे. लेऑफ झाल्यावर त्यांना नेमकं हेच दुकान का सुचलं, देव जाणे!

*

मूळ मालक टॉम. दुकान त्याच्या वडिलांनी काढलेलं. विकताना त्याची एकच अट होती, पिठात बदल करायचा नाही.

काकूंनी पहिल्याच आठवड्यात चिमूटभर हळद घातली. टॉमने तो पिवळा तुकडा उलटसुलट करून पाहिला, खाल्ला आणि म्हणाला, "धिस इज राँग." मग दुसरा मागितला.

*

नवं गिऱ्हाईक विचारायचं, "इज इट गुड?"

खोटं बोलणं काकांना जमत नाही. ते सांगायचे, "नो आयडिया. पण माझी बायको रोज खाते, आणि तिला सहसा काही आवडत नाही."

लोक डबल ऑर्डर द्यायचे.

*

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य असलेल्यांची रांग पार्किंगपर्यंत जाते. एकदा रांगेतल्या फादरनी काकूंना विचारलं, "तुमच्यात असं काही असतं का?"

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि अख्खा श्रावण," काकू म्हणाल्या.

फादरनी निमूटपणे चिप्स उचलले. "आमचं सोपं आहे," म्हणाले.

*

रोजचा पहिला तुकडा काकू चाखायच्या आणि काहीतरी खोड काढायच्याच. काकू कोविडमधून उठल्यानंतर एका सकाळी काका पिठात मीठच विसरले. मी तिथेच होते. काकूंनी घास घेतला आणि म्हणाल्या, "छान झालंय."

काकांनी हातातला झारा खाली ठेवला.

"अहो, तोंडाला चवच राहिली नाही," काकू रडायला लागल्या. "दुकान बंद करूया. न चाखता मी लोकांना खायला घालणार नाही."

काकांनी पिठात मीठ कालवलं, नवा तुकडा तळला, फुंकर मारून मोडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"अहो, काय करताय हे?"

काकांनी डोळे मिटून घास गिळला. "कसं लागायला हवं, ते तू विचार. मी सांगतो."

काकूंनी ॲप्रनने डोळे पुसले. "वरून कुरकुरीत आहे?"

"आहे."

"आत गोडसर लागतंय?"

"थांब," म्हणत काकांनी दुसरा घास घेतला.