लाल दोऱ्याचं बियाणं

आमच्या घरात 'माझं-तुझं' चालत नाही, हे आमचे काका येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगतात. शेत एक, चूल एक. लातूरला शिकायला पाठवलं तेव्हा खोलीही एकच घेतली. त्या खोलीत मी, माझा चुलतभाऊ आणि आम्हाला करून घालायला काकू, म्हणजे त्याची आई. दोघंही अकरावी सायन्सला, एकाच वर्गात. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण माझी फाईलसुद्धा घराण्याची सामाईक मालमत्ता आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जीवशास्त्राच्या प्रोजेक्टला मी सोयाबीनची उगवण घेतली होती. हदगावकडे आमचं शेत आहे. त्या साली ऐन काढणीत पाऊस झाला. ओढ्याकडचं सोयाबीन भिजलं, माळावरचं वाचलं. वाळवून दोन्हीच्या थप्प्या लावल्या, आणि मग कोणती थप्पी कुठली हे कुणालाच आठवेना. वाळल्यावर दाणा सगळा सारखाच दिसतो, पण भिजलेला पेरला तर उगवत नाही. दिवाळीला गेले तेव्हा मी एका थप्पीच्या पोत्यांना लाल दोरा बांधला, दुसऱ्या थप्पीच्या काळा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःच्या हाताने दोन्हीतला मूठमूठ दाणा काढून मला पुरचुंडीत बांधून दिला.

लातूरला ओल्या गोणपाटावर शंभर-शंभर दाणे ओळीने मांडले, गुंडाळ्या करून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात ठेवल्या. रोज पाणी शिंपडायचं, उलगडून मोड मोजायचे. काकू करवादायची, "इथं काय शेत करून राहिली गं तू?" चुलतभाऊ नाकाला रुमाल लावायचा, कारण एका गुंडाळीतले दाणे कुजून वास मारायला लागले होते. त्याचा माझ्या प्रोजेक्टशी तेवढाच काय तो संबंध.

फाईल पुरी झाली आणि काकूबरोबर मी निलंग्याला एका लग्नाला गेले. हा म्हणाला, मला अभ्यास आहे. केला पठ्ठ्यानं अभ्यास! माझी फाईल समोर ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उतरवली आणि शनिवारी देऊनही टाकली. मी सोमवारी दिली.

मंगळवारी सरांनी दोघांना स्टाफरूममध्ये बोलावलं. दोन्ही फाईली टेबलावर.

"आधी कुणाची आली?" सरांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "ह्याची. मग तू भावाचं उतरवलंस. पोरींचं अक्षर बरं असतं, तेवढ्याने प्रोजेक्ट होत नसतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, बी माझं, गोणपाट माझं, मोड मी मोजलेत. त्याला विचारा ना, तो उभाय इथंच."

त्याची नजर चपलांवर. सर म्हणाले, "मला तुमच्या घरातलं काय करायचंय? माफीनामा लिहून दे, नाहीतर शून्य. आणि उद्या पालकांना घेऊन ये."

खरं सांगते, पालक म्हटल्यावर मला बरंच वाटलं. अण्णा येणार. ज्यांनी पुरचुंडी बांधली तेच येणार, मग काय भ्यायचं! पहाटेची एसटी धरून, नांदेडला गाडी बदलून अण्णा आले. धोतराला प्रवासाची धूळ. वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं. ते नुसतं हं, हं करत होते.

स्टाफरूममध्ये गेले आणि त्यांनी हात जोडले. "लेकराचं चुकलं सर. पदरात घ्या."

मला वाटलं, ते त्याच्याबद्दल बोलतायत. सरांनी माफीनाम्याचा कागद माझ्यासमोर सरकवला तेव्हा कळलं, लेकरू म्हणजे मी.

"अण्णा, बी कुणी दिलं मला?"

"गप."

"कुणी दिलं, सांगा ना सरांना!"

"गप म्हणलं ना."

मी सही केली नाही. सरांनी माझ्यादेखत माझ्या फाईलवर शून्य काढलं. माझा चुलतभाऊ करून सवरून नामानिराळा, वर त्याची फाईल नमुना म्हणून वर्गात फिरली. बाकावरच्या पोरी मला बघून कुजबुजायच्या. मीच कॉपीवाली!

बसस्टँडवर अण्णा म्हणाले, "रस घेती का?" मी नको म्हटलं. मग खाली बघत बोलले, "तुझ्या काकाला एकच पोरगं हाय. त्याला चोर म्हणलं तर उद्या वाटण्या मागंल. एवढ्यावरनं घर फुटायचं, माय. आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात त्याचे, अण्णा," मी म्हटलं. "ओठ माझे."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. उन्हाळ्यात बारावीचे क्लास सुरू झाले म्हणून घरीही गेले नाही. कोणतं बी चांगलं निघालं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. पेरणी तोंडावर आलेली.

"माय, कोणत्या दोऱ्याचं बी टाकायचं?"

"पुतण्याला विचारा. प्रोजेक्ट त्याचा आहे."

"इचारलं. त्याला न्हाई आठवत म्हणतो. फाईल कालेजातच ऱ्हायली."

"असं कसं? सगळा वर्ग त्याची फाईल वाचून शहाणा झालाय."

"त्याला काय ठाव गं त्यातलं? तूच तर केलं सगळं."

इतके महिने मी ह्या एका वाक्यासाठी जळत होते, आणि ते आलं कुठं, तर फोनवर, कुणी ऐकत नसताना! मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"हेच सरांसमोर का नाही म्हणालात?"

अण्णा पलीकडे बैलांनाच चुचकारायला लागले.

"सांगते मी कोणतं टाकायचं. आधी सरांना फोन लावा. आत्ता मला जे म्हणालात तेच त्यांना सांगा, काकांना समोर बसवून. मग मला फोन करा."

"अगं, आभाळ भरून आलंय..."

"मग लवकर लावा."

मी फोन ठेवला. बी चुकीचं पडलं तर वर्ष वाया जाईल, हे मलाही कळत होतं, मी त्याच घरची आहे. पण त्या घरानं माझं नाव सहज घालवलं होतं. पुस्तक उघडून बसले, एक ओळ वाचली असेल तर शपथ.

संध्याकाळी फोन वाजला. अण्णांचा आवाज बसला होता.

"सांगितलं."

"काका होते?"

"हाव. उठून गेला. जेवला न्हाई अजून."

"सर काय म्हणाले?"

"म्हणले, आता काय उपेग? मार्क तर गेले वर ऑफिसात."

"उपयोग आहे," मी म्हटलं. "लाल दोऱ्याचं टाका."