जत्रेतला वाकडा ठिपका

माझ्यासारख्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यापुढे टीव्ही ठेवू नये. आमच्या वाशीमकडे तेव्हा टीव्ही दिसतच नव्हता, पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी दादानं मुंबईहून एक जुना व्हिडिओ खेळ उचलून आणला. लाकडी कपाटात टीव्हीची काच, काचेवर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि चेंडू म्हणून एक ठिपका. एवढ्यासाठी त्यानं टुरिंग टॉकीजची नोकरी सोडली. भोंग्यावर सिनेमा पुकारायचा तो.

अनसिंगजवळच्या जत्रेत वीज असलेली जागा मिळाली. जत्रेचे पंच म्हणाले, "दिवेलागणीले खेळ सुरू पाहिजे. नाही तं जागा पाळणेवाल्याले."

घरी नीट चाललेला खेळ नेमका तिथं वाकडा झाला. पट्ट्या विळ्यासारख्या वाकल्या, ठिपका वरच्या कोपऱ्याकडे ओढला जाऊ लागला. मी मागची फळी काढली. चित्राची वायर बदलली, सुटलेले वाटले ते सांधे पुन्हा जोडले, होते तेवढे स्क्रू पिळले. चित्र कधी पळायचं, कधी थांबायचं, सरळ मात्र होईना. त्यात दादानं लोकांना बोलवायचा भोंगा कपाटाच्याच डोक्यावर बसवलेला. आवाज खेळातूनच निघाला पाहिजे म्हणे.

"दादा, काहून बोंबलून राह्यला? मले सुचू दे."

"तू तुह्यं पाह्य. लोक निघून गेले तं खेळ कोणाले दाखवू?"

इतका संताप आला की त्या कपाटाला लाथ घालावी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक माझ्या तोंडावर बोलत होते.

दिवे लागले. पंच आले, पडद्याकडे बघत उभे राहिले. दादाच म्हणाला, "द्या जागा पाळणेवाल्याले."

ते गेले. दादानं स्टुलावर चढून भोंगा खाली उतरवला आणि पट्ट्या सरळ उभ्या राहिल्या.

भोंग्यात लोहचुंबक असतं. तेच चित्र ओढत होतं. रोज भोंगे उघडून बसणारा मी, आणि मला हे सुचू नये? आजही कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

दादा पंचांकडे पळत गेला. ते म्हणाले, "शब्द देला आता त्याले." पाळणेवाला खुंट्या ठोकायला लागलाच होता. वीज असलेली दुसरी जत्रा आमच्या भागात वर्षभर नव्हती.

आम्ही उभ्यानंच एक डाव खेळलो. दादा जिंकला. "चांगला खेळ आहे बे," म्हणाला आणि प्लग काढला.

पुढच्या आठवड्यात टॉकीजची गाडी सिनेमा पुकारत आमच्या दुकानावरून गेली. भोंग्यावर आवाज दादाचा होता.